काका, हे कशावरून?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा नाहीतर पॅरिसच्या लूव्रमध्ये, आत शिरताना एक छोटा प्रश्न समोर येतोच. गाइड घ्यायचा, कानाला ऑडिओ गाइड लावायचा, की आपलं आपण फिरायचं? बहुतेक जण दहा सेकंदांत उत्तर देतात. पैसे किती, वेळ किती, बरोबर लहान मुलं आहेत का, एवढं बघितलं की झालं. ग्रुपमधला कुणीतरी म्हणतो, "गाइड कशाला, सगळं गूगलवर आहे," आणि विषय मिटतो.

मला हा प्रश्न एवढ्यावर मिटणारा वाटत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काय काय मान्य करायचं आणि कुठे थांबून स्वतः बघायचं, हा तत्त्वज्ञानातला बराच जुना वाद आहे. तोच इथे तिकिटाच्या रांगेत साध्या कपड्यांत उभा असतो. म्युझियममध्ये आपण त्याचं उत्तर ज्या सवयीने देतो, त्याच सवयीने रात्री फॅमिली ग्रुपवर आलेला 'खरा इतिहास' पुढे ढकलतो किंवा ढकलत नाही. म्हणून हा प्रपंच.

आधी माझ्या जमातीबद्दल. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे कुणी शेजारी बसून समजावून सांगायला लागलं की थोडा अपमान झाल्यासारखं वाटतं. डॉक्युमेंटेशन द्या, कोड द्या, आम्ही बघून घेतो. त्यामुळे म्युझियममध्ये आमच्यातले नव्वद टक्के लोक (हा आकडा अर्थात माझ्या मनचा) एकटेच फिरतात. तीस जणांचा घोळका, पुढे छत्री उंच धरलेला माणूस आणि मागे 'चला चला, पुढे चला' हे दृश्य बघितलं की अंगावर काटा येतो.

या वृत्तीच्या मागे एक मोठा माणूसही उभा आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८४ मध्ये प्रबोधन म्हणजे काय, याचं उत्तर देणारा एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं, की दुसऱ्याने बोट धरल्याशिवाय स्वतःची अक्कल वापरता येत नसेल तर माणूस वयाने वाढूनही अज्ञानच राहतो. आणि याला बऱ्याचदा त्याचा आळस आणि भित्रेपणाच जबाबदार असतो. १७९० च्या ग्रंथात तो सौंदर्याबद्दल आणखी पुढे जातो. शंभर लोकांनी एखादी कविता सुंदर म्हटली तरी त्यामुळे ती मला सुंदर वाटेलच असं नाही, आणि वाटली नसताना मी 'सुंदर आहे' म्हणणं हा निव्वळ पोपटपणा. चव दुसऱ्याच्या जिभेने घेता येत नाही.

आजचे तत्त्वज्ञ हाच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने मांडतात. ज्याच्यावर तुमचा पूर्ण विश्वास आहे अशा मित्राने सांगितलं की अमुक मूर्ती बाराव्या शतकातली आहे, तर तुम्ही ते चौथ्या माणसाला बिनधास्त सांगू शकता. पण त्याच मित्राने ती मूर्ती अप्रतिम आहे असं सांगितलं, तर मूर्ती न बघता 'अप्रतिम आहे' असं तुम्हाला म्हणता येईल का? काहीतरी खटकतं. फार तर 'अप्रतिम आहे असं ऐकलंय' एवढं म्हणता येतं.

यातून एक सोयीची वाटणी निघते. माहिती उसनी घ्या, सौंदर्य मात्र स्वतःचं स्वतः बघा. गाइडकडून सनावळ्या घ्या, मग त्याला नमस्कार करून एकटे उभे राहा. मला बरीच वर्षं ही वाटणी पटत होती. आता पटत नाही. कारण स्वतःच्या डोळ्यांनी बघणं हीसुद्धा कुणीतरी शिकवावी लागणारी गोष्ट आहे.

लघुचित्रांचं दालन घ्या. मुंबईच्या संग्रहालयात राजस्थानी, पहाडी, मुघल, दख्खनी अशी चित्रं आहेत. बरीचशी आपल्या टॅबच्या स्क्रीनपेक्षा फार मोठी नाहीत. एकट्या फिरणाऱ्या माणसाचा एका चित्रापुढचा मुक्काम मी कधी कधी मनात मोजते. तीन ते पाच सेकंद. 'हं, राजा. हं, राणी. हं, बाग.' पुढे. आता बाजूला एखादी जाणकार व्यक्ती उभी आहे असं समजा आणि ती एवढंच विचारते, की या चित्रात दिवस आहे की रात्र? तुम्ही म्हणता दिवस, कारण माणसं, झाडं, कपडे सगळं लख्ख दिसतंय. ती म्हणते, वरच्या कोपऱ्यात बघा. चांदण्या आहेत. दालनात दिवा लावलेला आहे. या चित्रकारांना रात्र दाखवायला अंधार लागत नसे. चंद्र, चांदण्या, समई यांची खूण ठेवली की रात्र झाली, आणि त्या रात्रीत अभिसारिकेच्या ओढणीची किनार खारीच्या केसांच्या कुंचल्याने एकेक रेघ मोजून काढलेली तशीच दिसते. हे कळल्यावर त्याच भिंतीवरच्या पुढच्या चित्रात तुम्ही आपोआप चांदण्या शोधायला लागता.

इथे नक्की काय झालं? कुणी तुम्हाला 'हे सुंदर आहे' असं सांगितलं नाही. एक खूण दाखवली आणि बघितलं तुम्हीच. फ्रँक सिब्ली नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५९ च्या एका निबंधात समीक्षकाचं काम जवळपास असंच सांगितलं आहे. समीक्षक युक्तिवाद करून सौंदर्य सिद्ध करत नाही. तो वेगवेगळ्या तपशिलांकडे बोट दाखवत राहतो, तुम्हाला दिसेपर्यंत. म्हणजे कांटने हट्टाने मागितलेलं स्वतःचं बघणं इथे शाबूत राहतं, पण तिथपर्यंत पोचायला दुसऱ्याचं बोट लागतं. एकट्याने फिरणाऱ्याला स्वातंत्र्य मिळतं हे खरं. त्या स्वातंत्र्यात त्याला त्या रात्री दिवसच दिसतो, हेही तितकंच खरं.

आणि एकट्याने फिरणारा तरी एकटा असतो का? मला 'सेल्फ-गाइडेड' या शब्दाबद्दलच शंका आहे.

आमच्या धंद्यात डिफॉल्ट सेटिंग नावाची एक चीज असते. ॲप बनवणारा पन्नास पर्याय देतो आणि त्यातला एक आधीच निवडून ठेवतो. वापरणाऱ्यांतले बहुतेक जण तो कधीही बदलत नाहीत, पण त्यांना विचारलं तर ते म्हणतील की आम्ही आमच्या मर्जीने वापरतो. म्युझियम हे डिफॉल्टचं घर आहे. कुठली वस्तू दारात आणि कुठली तळघरात, कशावर दिवा, कुठलं दालन आधी, कुठल्या वस्तूला दोन ओळी आणि कुठलीला अख्खा परिच्छेद, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. देवघरात रोज दह्यादुधाने न्हाणारी पितळी मूर्ती काचेच्या पेटीत, काळ्या कापडावर, वरून एका झोतात ठेवली की ती 'कलाकृती' होते. हे एक ठाम विधान आहे. एकही शब्द न उच्चारता केलेलं, त्यामुळे वाद घालायला जागा नाही.

इमारतसुद्धा बोलत असते. आपल्या मुंबईच्या संग्रहालयाची कोनशिला १९०५ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली. पुढचं बरंचसं शतक ते त्याच्याच नावाने ओळखलं गेलं. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट याने घुमट घेतला तो विजापूरच्या गोल घुमटावरून. इंग्रज राजपुत्राच्या नावाच्या वास्तूवर आदिलशाही घुमट का, हा प्रश्न कुठल्या दालनात लावलेला नाही. पण बागेतून आत येताना तुम्ही त्याचं उत्तर गिळूनच येता: आम्ही इथले आहोत, आधीच्या राज्यकर्त्यांचे वारस आहोत.

लूव्रमध्ये तर ही गोष्ट आणखी उघड दिसते. तिथे सुमारे ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. वर्षाला ८० लाखांहून जास्त माणसं येतात, त्यातली असंख्य गाइडशिवाय. आणि ही मुक्त, स्वयंनिर्णयी माणसं कुठे जातात? ७७ बाय ५३ सेंटिमीटरच्या एका चित्राकडे. मोनालिसाचं आजचं दैवी स्थान बऱ्याच अंशी १९११ च्या चोरीतून आलं. चित्र गायब झाल्यावर भिंतीवरची रिकामी जागा बघायला पॅरिसमध्ये रांगा लागल्या होत्या. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांनी केलेली गाइडगिरी आपण आजही मोबाइल उंच धरून पाळतोय, आणि वर म्हणतोय की आम्हाला गाइड नको.

तेव्हा गाइड असतोच. तो दिसतो की नाही आणि त्याला काही विचारता येतं की नाही, एवढाच फरक.

इथे मला आपल्याकडच्या नैयायिकांची आठवण येते. दुसऱ्याच्या शब्दावरून मिळणारं ज्ञान खरं ज्ञान मानायचं का, यावर आपल्या दर्शनांमध्ये जोरदार भांडणं झाली. चार्वाक म्हणाले, डोळ्यांनी दिसेल तेवढंच. बौद्ध आणि वैशेषिक म्हणाले, शब्दावरून कळतं ते शेवटी अनुमानच, वेगळं खातं उघडायची गरज नाही. न्यायवाल्यांनी मात्र शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानलं, एका अटीवर: बोलणारा 'आप्त' हवा. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, पण इथे अर्थ वेगळा. ज्याला गोष्ट स्वतः नीट माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनाने तर स्पष्टच केलंय की आप्त व्हायला ऋषी असावं लागत नाही, म्लेंच्छही आप्त असू शकतो. जात, पदवी, गळ्यातलं ओळखपत्र यांचा संबंध नाही. दोनच गोष्टी बघायच्या: याला माहीत आहे का, आणि याला खरं सांगायचंय का.

ही व्याख्या घेऊन म्युझियममध्ये गेलं की गंमत येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी एकदा आजीबरोबर गेले होते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं, स्वयंपाकाची भांडी. लहानपणीच गेलेल्या मुलाची आठवण म्हणून संग्रहालयाला त्याचं, राजाचं, नाव दिलं. आजीला गाइडची गरज पडली नाही, कारण ती स्वतःच सुरू झाली. अडकित्ता कसा धरायचा, सुपारी कुठल्या बाजूने लावली तर सटकते, लामणदिवा कुठे टांगायचा, कुठल्या भांड्याला कल्हई लागते आणि कुठल्याला नाही. आमच्या मागे दोन अनोळखी मुली कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. मग शस्त्रं आली. आजी तलवारींपुढून सरळ पुढे निघाली. त्या मुलींतली एक म्हणाली, "आजी, याचं पण सांगा ना." आजी म्हणाली, "यातलं मला नाही बाई कळत."

ते वाक्य ऐकल्यावर आधीचं अडकित्त्याबद्दलचं सगळं मला जास्त खरं वाटायला लागलं. आप्ताची पहिली अट तपासण्याचा याहून साधा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

दुसरी अट मात्र फार नाजूक आहे. कारण धंद्यातल्या गाइडला माहीत असूनही सांगता येत नाही अशा गोष्टी असतात.

मुंबईच्या संग्रहालयातून बाहेर पडून चालत थोड्या वेळात गेटवेला पोचता येतं, आणि तिथून साधारण तासाभराच्या बोटीवर घारापुरी आहे. एलिफंटाच्या त्या मोठ्या लेण्यात दक्षिणेच्या भिंतीवर तीन तोंडांची प्रचंड मूर्ती आहे, सहाव्या शतकातली. ती सगळ्या महाराष्ट्राला 'त्रिमूर्ती' म्हणून माहीत आहे: ब्रह्मा, विष्णू, महेश. अभ्यासकांच्या मते ते तिघे देव नसून एकच शिव आहे, सदाशिव. आपल्या डावीकडचा चेहरा उग्र, मिशाळ, हातात नाग: अघोर. उजवीकडचा कोवळा, हातात कमळ: वामदेव किंवा उमा. मधला डोळे मिटलेला, शांत: तत्पुरुष. आणखी दोन तोंडं, एक मागचं आणि एक वरचं, दगडात दिसत नाहीत पण कल्पनेत धरायची.

आम्ही तिघं मैत्रिणी एका गाइडच्या घोळक्यात सामील झालो होतो. पन्नाशीचे गृहस्थ, आवाज खणखणीत. त्यांनी ब्रह्मा-विष्णू-महेश सांगितलं, लोकांनी हात जोडले, फोटो निघाले. घोळक्यात नाशिकहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांच्यातली बारा-तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, हे कशावरून?"

"म्हणजे?"

"म्हणजे इथे बाकी सगळीकडे शंकरच आहे. तिकडे अर्धनारी, इकडे गंगा, लग्न पण शंकराचं, मध्ये पिंडी. मग ब्रह्मा-विष्णू इथेच कसे आले?"

तिचे वडील "अगं गप" म्हणाले. गाइडकाका मात्र थांबले. एकदम वेगळ्या, खालच्या आवाजात म्हणाले, "बाळ, बरोबर पकडलंस. हे तिन्ही शंकरच आहेत." आणि मग पुढची दहा मिनिटं त्यांनी नाग, कमळ, मिशा, मुकुटातली कवटी असं एकेक दाखवलं. आधीच्या पाठ केलेल्या भाषणात नसलेली लय त्या दहा मिनिटांत होती. नंतर मी त्यांना विचारलं, की तुम्हाला माहीत आहे तर आधीच का नाही सांगत?

"ताई, लोक घरून ब्रह्मा-विष्णू-महेश घेऊन येतात. नाही म्हटलं की वाद घालतात. अर्धा तास तिथेच जातो, आणि पैसे देताना तोंड वाकडं. जो विचारतो त्याला सांगतो."

मला या उत्तराचा राग आला नाही. उलट बराच वेळ ते डोक्यात राहिलं. गाइडचं पोट गिऱ्हाइकाच्या समाधानावर चालतं. तो आपला चेहरा बघत असतो आणि चेहऱ्यावर जे हवं दिसतं ते देतो. जिवंत माणूस असण्याचा तोटा हाच, की त्याला आपण दिसतो. आणि फायदाही तोच. त्या मुलीच्या चेहऱ्यावर त्याला वेगळी मागणी दिसली आणि त्याने वेगळा माल काढला. भिंतीवरच्या पाटीला हे जमलं नसतं. म्हणजे गाइड किती खरं बोलेल हे निम्मं ऐकणाऱ्यावर असतं. आपण फक्त माना डोलावणारे असू, तर आपल्या पदरात डोलायला लावणाऱ्या कथाच पडतील. यात फसवणूक कुणी कुणाची केली हे सांगणं सोपं नाही.

मग पाटीच बरी, असं कुणी म्हणेल. पाटीला टिप लागत नाही, तिला कुणाचं तोंड वाकडं झालेलं दिसत नाही, म्हणून तिला खरं बोलणं परवडतं. या युक्तिवादात दम आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये उसनी म्हणून महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. वाघनखं म्हटल्यावर १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडचा प्रसंग आठवणार नाही असा मराठी माणूस नसेल. ती तिकडे पोचली जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून. हा १८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. पेटीवरचा जुना मजकूर ही नखं शिवाजी महाराजांचीच असल्याचं ठामपणे सांगतो. खुद्द लंडनचं म्युझियम मात्र म्हणतं, की दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या प्रसंगात वापरलेली नखं हीच, याची खातरजमा करता येत नाही. इथल्या काही इतिहास अभ्यासकांनीही जाहीर शंका घेतली.

आता त्या पेटीपुढे एक गाइड उभा करा. समोर पहाटे निघून, दोन एसटी बदलून आलेलं कुटुंब आहे. बापाने पोराला खांद्यावर घेतलंय. पोराच्या कपाळावर चंद्रकोर आहे. गाइड म्हणेल का, "ही तीच असतील, नसतीलही"? मला वाटतं शंभरात एखादाच म्हणेल. आणि न म्हणणाऱ्या नव्व्याण्णवांना मी लगेच खोटारडं म्हणणार नाही. त्या बापाच्या डोळ्यांतलं पाणी समोर दिसत असताना 'पुरावा अपुरा आहे' म्हणायला वेगळं काळीज लागतं.

पण त्या शंभराव्या गाइडबद्दल विचार करा. तो म्हणाला समजा, "बाळा, महाराजांनी वाघनखं वापरली. ही जोडी तीच का, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. मधल्या दीडशे वर्षांत ती कुणाकुणाच्या हातात होती त्याचे कागद नाहीत." यात महाराजांचं काही कमी झालं का? पराक्रम पोलादाच्या या तुकड्यावर अवलंबून नव्हता. आणि पोराच्या हाती एक जास्तीची गोष्ट लागली: वस्तू खरी की नाही हे कागदांच्या साखळीवरून ठरतं, आणि साखळी तुटलेली असेल तर तसं म्हणायचं असतं. पाटीवरही हे लिहिता येईल. पण पाटी पोराच्या उंचीला वाकत नाही, आणि 'मग कागद कुठे गेले?' या त्याच्या पुढच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं.

इतका वेळ मी 'कशावरून?' या शब्दाची आरती करतेय. त्याची दुसरी बाजू बघायला एका भयंकर ठिकाणी जावं लागेल. पोलंडमधल्या आउशवित्झच्या छळछावणीचं १९४७ मध्ये म्युझियम झालं. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यातले बहुसंख्य ज्यू. प्रवेश मोफत आहे, पण गर्दीच्या वेळात गाइडशिवाय आत सोडत नाहीत. एकट्याने जायचं तर ठरावीक वेळा आहेत. मी तिथे गेलेले नाही. पण हा नियम कळला तेव्हा पहिली प्रतिक्रिया नाराजीचीच होती. अशा जागी तरी माणसाला गप्प, एकटं चालू द्या की. एक लाखाहून जास्त बुटांचे ते ढीग, माणसांच्या केसांची ती खोली; तिथे कानात कुणाचा तरी आवाज कशाला?

नंतर कळलं की सुरुवातीच्या वर्षांत तिथले काही गाइड स्वतः त्या छावणीतले कैदी होते. ते इतिहास सांगत नव्हते, साक्ष देत होते. नैयायिकांच्या व्याख्येतला आप्त याहून पूर्ण कुठे मिळणार? आज ती पिढी जवळपास संपली आहे, आणि गाइड साक्षीची साक्ष देतात. अशा वेळी 'हे कशावरून?' विचारणारे दुसरेही लोक येतात. त्यांना उत्तर नको असतं. प्रश्न विचारला एवढ्यानेच शंका पसरावी, हा त्यांचा हेतू असतो. डेव्हिड अर्व्हिंग या लेखकाने तर डेबोरा लिपस्टाट या इतिहासकार बाईंवर लंडनच्या न्यायालयात बदनामीचा खटला भरला, कारण त्यांनी त्याला होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं होतं. मग वास्तूंचे आराखडे, पत्रव्यवहार, साक्षी, सगळं मांडून त्या 'कशावरून?'ला उत्तर दिलं गेलं. एप्रिल २००० मध्ये अर्व्हिंग हरला. तरी तोच प्रश्न इंटरनेटवर जसाच्या तसा फिरतोय.

म्हणजे शब्द एकच, विचारणारे दोन जातीचे. नाशिकची ती मुलगी उत्तर मिळेपर्यंत थांबली, आणि नाग दिसल्यावर तिने मान्य केलं. दुसरा थांबत नाही. गंमत अशी की या दुसऱ्याला तोंड द्यायलाही प्रामाणिक गाइडच लागतो. आउशवित्झच्या मुख्य छावणीतल्या पहिल्या शवदाहगृहाचा काही भाग युद्धानंतर मूळचे तुकडे वापरून पुन्हा उभा केलेला आहे. हे आधीच, न विचारता सांगितलं नाही, तर नाकारणाऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं: 'बघा, हे लपवलं, म्हणजे बाकीचंही खोटं.' श्रोत्याला त्रास होऊ नये म्हणून गाळलेली एक ओळ किती महाग पडू शकते, ते इथे दिसतं.

राहता राहिला खिशातला नवा गाइड. मूर्तीसमोर फोन धरा, एआयला विचारा, आणि तो कुठल्याही भाषेत, न कंटाळता सांगायला लागतो. मी याच धंद्यात आहे, त्यामुळे त्याची टिंगल करणार नाही. पाटीला जमत नाही ते त्याला जमतं, उलट प्रश्न विचारता येतो. पण मी गमतीने करून बघितलंय: प्रश्नातच ब्रह्मा-विष्णू-महेश घातले की उत्तर बऱ्याचदा त्याच वाटेने सुरू होतं, आणि 'हा सदाशिव ना?' म्हटलं की 'अगदी बरोबर' म्हणून दुसऱ्या वाटेने. घारापुरीच्या काकांसारखंच, तोंड बघून बोलणं. फरक एवढाच की काकांना उद्याही त्याच पायऱ्यांवर उभं राहायचंय, जिथे कालचं गिऱ्हाईक परत येऊन 'काका, तुम्ही असं म्हणाला होतात' म्हणू शकतं.

त्यामुळे माझा कल आता माणूस घेण्याकडे आहे. दालनातून आधी एकदा एकटी फिरते, काही न वाचता. मग गाइड शोधते आणि सुरुवातीलाच सांगते, की पैसे ठरले तेवढेच देईन, पण सावकाश सांगा, आणि जे माहीत नाही तिथे तसं म्हणा. काही जण दुखावतात. एकजण सरळ निघून गेला. काही जण आधी हसतात आणि मग पहिल्या अर्ध्या तासात दोनदा तरी 'हे नक्की नाही हां' म्हणतात, थोडं लाजून.

घारापुरीचे ते काका अजून तिथेच असतात, जेटीकडून वर जाणाऱ्या पायऱ्या संपतात त्या बाजूला. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढा दिवस सोडून जा. आणि शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून ठेवा.